निघालेल्या माणसाचा मुक्काम

आमच्या भागात घर बदलायचं म्हटलं की माणसं टेंपो ठरवायला जातात आणि दिवस ठरवून घेऊन परत येतात. टेंपो एकच आहे असं नाही, चार-पाच आहेत. पण बाकीचे कपाटाचा आरसा फोडतात आणि दादा फोडत नाहीत. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी कोणाच्या बशीचा टवकादेखील उडवलेला नाही. तेव्हा लोक दादांकडेच जातात आणि आरसा वाचल्याच्या बदल्यात बाकीचं सगळं सोसतात.

दादा हे तोंडावरचं नाव. पाठीमागे त्यांना सगळे राहुकाळ म्हणतात. राहुकाळ म्हणजे प्रत्येक दिवसातला दीड तासाचा एक तुकडा. त्यात नवं काही सुरू करू नये, असं पंचांग मानणारे मानतात. दादांचा तो तुकडा सकाळी डोळे उघडल्यावर सुरू होतो आणि ते झोपले की संपतो, असं आमच्या गल्लीचं मत आहे.

बाकीचे टेंपोवाले गाडीच्या खणात विम्याचे कागद ठेवतात. दादांच्या खणात पंचांग असतं, प्लॅस्टिकच्या वेष्टनात, पावसापाण्यापासून जपलेलं. विम्याचे कागद सीटखाली जॅकबरोबर पडलेले असतात. अपघात झाला तर विमा उपयोगी, पण पंचांग पाहून निघाल्यावर अपघात होतोच कसा, असा त्यांचा बिनतोड सवाल आहे.

मी स्वतः या सापळ्यात सापडलो तो घर बदलताना. नवं घर जुन्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे, पाण्याच्या टाकीजवळ. मी फोन केला.

"दादा, सोमवारी घर हलवायचंय."

"कुठल्या दिशेला?"

मी 'कितव्या मजल्यावर' या प्रश्नाची तयारी करून बसलो होतो. म्हटलं, "टाकीकडे."

"टाकी म्हणजे पूर्व. सोमवारी पूर्व बंद."

"का? रस्ता खणलाय?"

"रस्ता उघडाच आहे हो साहेब. दिशा बंद आहे."

याला दिशाशूल म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला निघायचं नाही, मंगळवारी-बुधवारी उत्तरेला नाही, गुरुवारी दक्षिणेला नाही, आणि शुक्रवारी-रविवारी पश्चिमेला नाही. आमच्या नगरपालिकेलासुद्धा इतकी एकेरी वाहतूक कधी सुचली नाही. एकदा म्हणे एका गिऱ्हाइकाने फारच गयावया केली, तेव्हा दादांनी सोमवारी पूर्वेला टेंपो नेला. पण कसा? रिव्हर्समध्ये. तोंड पश्चिमेला आणि प्रवास पूर्वेला. मागच्या फळीवर गिऱ्हाइकाची सासू खुर्चीत बसून लोकांना बाजूला व्हायला सांगत होती. चौकात पोलिसाने अडवलं तेव्हा दादांनी त्याला नियम समजावला. पोलिसाने दादांना त्याचा नियम समजावला. पोलिसाचा नियम जरा महाग पडला.

संध्याकाळी सामान बघायला म्हणून ते घरी आले. सामान बघितलंच नाही. सोफ्यावर बसले, पंचांग उघडलं आणि बायकोने विचारलं नसताना तिला समजावू लागले. दादांना फक्त वाहनांची भाषा येते. त्यामुळे आकाशातही त्यांना रहदारीच दिसते.

"हे बघा बाईसाहेब. सूर्य म्हणजे भरलेला ट्रक. दिवसाला एक अंश सरकतो, घाट चढत असल्यासारखा. आणि चंद्र म्हणजे कुरियरवाल्याची स्कूटर. दिवसाला तेरा अंश पळते. दोघंही एकाच गोल रस्त्यावर. स्कूटरने ट्रकला गाठलं की अमावास्या. मग ती पुढे सुटते. ट्रकच्या पुढे बारा अंश गेली की एक तिथी संपली. आणखी बारा, दुसरी संपली. गोलाच्या बरोबर समोरच्या बाजूला पोचली की पौर्णिमा. मग उरलेला गोल पुरा करून पुन्हा ट्रकला गाठायचं."

"म्हणजे तिथी आणि तारीख एकच की," बायको म्हणाली.

दादांनी कानावर हात ठेवले नाहीत एवढंच. "तारीख गुमान चोवीस तासांत संपते. तिथी कशी संपेल? स्कूटर कधी पळते, कधी रमतगमत जाते. एखादी तिथी वीस तासांत आटपते, एखादी सव्वीस तास रेंगाळते. आणि हजेरी फक्त सूर्योदयाला घेतात. सूर्य उगवताना जी तिथी हजर, तिचं नाव त्या दिवसाला. एखादी बिचारी सूर्योदयानंतर आली आणि दुसऱ्या सूर्योदयाच्या आत गेली, तर तिची गैरहजेरी. क्षय."

"काम करूनही गैरहजेरी?" मी म्हणालो. "म्हणजे आमच्या ऑफिससारखंच."

"आणि एखादी दोन सूर्योदयांना हजर राहिली, तर तिची दोन दिवस हजेरी."

"म्हणजे तर हुबेहूब आमचं ऑफिस."

मग बाकीची चार अंगं झाली. वार, पण तो आपला नव्हे. रात्री बारा वाजता उगाचच बदलतो तो सरकारचा वार. पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. नक्षत्र, म्हणजे त्या गोल रस्त्यावरचे सत्तावीस थांबे, आणि स्कूटर आज कुठल्या थांब्यावर आहे ते. योग, म्हणजे ट्रक आणि स्कूटर दोघांनी रस्त्याच्या आरंभापासून कापलेल्या अंतरांची बेरीज. तिचेही सत्तावीस भाग, काही चांगले, काही नावावरूनच अंगावर येणारे. आणि करण म्हणजे अर्धी तिथी. या करणांत एक विष्टी नावाचं आहे. त्यालाच भद्रा म्हणतात, आणि भद्रा चालू असताना दादा गाडीला चावीही लावत नाहीत.

"अर्धी तिथी म्हणजे साधारण अर्धा दिवस ना?" बायकोने विचारलं.

"साधारण."

"मग सरळ अर्ध्या दिवसाची सुटी म्हणा की."

दादांनी ते ऐकलं नाही. ते अधिक महिन्यावर पोचले होते. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा-एक दिवसांनी कमी भरतात. असं दरवर्षी मागे पडत गेलं तर काही वर्षांत उन्हाळ्याचे महिने हिवाळ्यात जातील. म्हणून साधारण दर तिसऱ्या वर्षी एक महिना जास्तीचा घालतात. तो कुठे घालायचा? "ट्रकच्या रस्त्यावर बारा टोलनाके आहेत. दर महिन्यात ट्रक एक नाका ओलांडतो. ज्या महिन्यात एकही नाका लागत नाही, तो अधिक."

"आणि त्या महिन्यात तुम्ही काम करता का?"

"घरं हलवत नाही."

"मला वाटलंच," बायको म्हणाली. "दादा, हे सगळं खरं असेल हो. पण यात आमच्या फ्रिजचा काय संबंध?"

दादांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मलाच फ्रिजची काळजी वाटू लागली.

शेवटी तोडगाही त्यांनीच काढला. पंचांग मानणाऱ्यांचं हेच मला आवडतं. आधी दारं सगळी बंद करतात आणि मग खिडकी कुठे उघडी आहे ते आपणहून दाखवतात. या खिडकीचं नाव प्रस्थान. तुम्हाला निघायचंय त्या दिवशी मुहूर्त नाही ना? मग त्याच्या आधीच्या चांगल्या वेळेला तुमची एखादी वस्तू त्या दिशेच्या कोणाच्या तरी घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे तुम्ही निघालात. नंतर पाच दिवसांच्या आत केव्हाही जा, वाटेत ती वस्तू उचला आणि चालू लागा. कोण अडवतंय?

"वस्तू रोजच्या वापरातली पाहिजे," दादा म्हणाले. "आणि मनाला जवळची."

बायकोने क्षणाचाही विलंब न लावता टीव्हीचा रिमोट त्यांच्या हातात दिला. "ह्यांच्या मनाला याहून जवळचं घरात काही नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार, पूर्व मोकळी. दादांनी रिमोट टाकीजवळच्या शिंप्याच्या दुकानात नेऊन ठेवला. संध्याकाळी बातम्यांच्या वेळी मी दर दोन मिनिटांनी उठून टीव्हीच्या बुडाशी बोटाने चाचपडत होतो. शेवटी दादांना फोन लावला.

"दादा, तेवढा रिमोट रात्रीपुरता परत आणता येईल का?"

"भलतंच! प्रस्थान परत घरी आणायचं नसतं. एका गृहस्थाने पावसासाठी छत्री परत नेली होती. पाय मोडला."

"अहो, पण मी इथे राहतोय तोवर..."

"तुम्ही तिथे राहत नाही आहात साहेब. तुम्ही सकाळीच निघालात."

"मी माझ्या घरात माझ्या खुर्चीत बसलोय!"

"तो मुक्काम," दादा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी आम्ही पूर्वेला गेलो. आरसा फुटला नाही. फ्रिजलाही काही झालं नाही. दादांच्या मते ते प्रस्थानामुळे. माझ्या मते दादांनी फ्रिज दोन गाद्यांमध्ये घालून स्वतःच्या पाठीवर जिना चढवला त्यामुळे. पण त्यांच्यासमोर असं काही बोलायची सोय नाही. स्वतःच्या पाठीचं श्रेय रेवती नक्षत्राला देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

नव्या घराचा एक परिणाम झाला. दादांचं घर आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत, म्हणजे आम्ही त्यांच्या पश्चिमेला आणि ते आमच्या पूर्वेला आलो. शेजार झाला, चहा सुरू झाला, आणि त्यांच्या घरातली खरी माणसं कळली. बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करतात आणि जगात कोणालाच भीत नाहीत. आणि एकुलती एक मुलगी. दादा तिला ताई म्हणतात, म्हणून सगळी गल्ली तिला ताई म्हणते. टेंपोच्या मांडीवरच मोठी झालेली ही मुलगी. शाळेतली बाकीची पोरं पाढे म्हणायची तेव्हा ही सत्तावीस नक्षत्रं धडाधडा म्हणायची, आणि पाढ्यांत नापास व्हायची. गाडी मात्र अशी चालवते की अरुंद बोळातून कपाट उभं घेऊन जाईल. पुढे ती अवजड यंत्रं चालवायचं शिकली. आणि आता तिला पश्चिमेच्या एका मोठ्या बंदरात क्रेन चालवायची नोकरी लागली. जहाजावरून डबे उचलायचे आणि धक्क्यावर ठेवायचे. बापाचाच धंदा, फक्त कपाट जरा मोठं.

ही बातमी कळली त्या शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला होतो. घर दोन खोल्यांचं. भिंतीला लावलेली घडीची खाट, खिडकीत वहिनींच्या शाळेचे मोठाले डाव वाळत घातलेले, आणि दाराच्या वर दहा वर्षांची पंचांगं एका फळीवर ओळीने. ताई मोरीच्या उंबऱ्यावर बसून नवे बूट घासत होती. पुढे लोखंड घातलेले जाड बूट. दादा पंचांग घेऊन बसले होते. त्यांचा चेहरा आनंदी होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"कधी हजर व्हायचंय म्हणालीस?"

"पुढच्या शुक्रवारी सकाळी. खोली गुरुवारी मिळणार, त्याआधी नाही."

"म्हणजे गुरुवारी निघणार."

"हो."

दादांनी बोट पानावर ठेवलं. "उद्या शनिवार. सकाळी भद्रा आहे, पण दुपारनंतर दिवस बघ कसा मोकळा आहे! पण खोली नाही. परवा रविवार, पश्चिम बंद. सोमवारी भरणी, प्रवासाला वाईट. मंगळवारी सकाळी अतिगंड योग आणि दुपारपासून भद्रा. बुधवारी चतुर्दशी, रिक्ता तिथी, रिकाम्या हाताने परत येशील. गुरुवारी अमावास्या. शुक्रवारी पुन्हा पश्चिम बंद."

"मग?"

"मग काय. कळव त्यांना, पुढच्या आठवड्यात येते म्हणावं."

"बाबा, शुक्रवारी मी नसले तर माझ्या जागी यादीतला पुढचा माणूस बसेल. त्यांनी तसं सांगितलंय."

"बसू दे. नोकऱ्या काय, महिन्याला निघतात."

"तीन वर्षांत ही एक निघाली."

"मग अजून एक निघेल. मी काय तुला जाऊ नको म्हणतोय का? मी नाही म्हणत. हे म्हणतंय," असं म्हणून त्यांनी पंचांगावर टिचकी मारली.

वहिनी आतून म्हणाल्या, "इतकी पानं आहेत त्या पुस्तकाला. पोरीला घराबाहेर काढायचा मुहूर्त एकाही पानावर नाही, आणि घरी ठेवायचा मात्र रोज आहे!"

"तू यात पडू नकोस."

"मी पडलेलीच आहे. लग्न होऊन आले त्या दिवशी पडले. मुहूर्त बघूनच आणलं होतंत ना?"

दादांनी पान उलटलं. ताई बूट घासत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि ते मला जरा खटकलं. रागावलेली मुलगी काय करील हे सांगता येतं. ही तर वडिलांकडे बघून हिशेब जुळल्यासारखी मान डोलवत होती.

"उद्या दुपारनंतर मोकळा म्हणालात ना?" तिने विचारलं.

"अगदी उत्तम. रेवती, सौभाग्य योग, पश्चिम उघडी. असा दिवस वाया जातोय बघ."

"मग उद्या माझी एक बॅग काकूंकडे नेऊन द्याल का? जुनंपानं आहे थोडं."

"देतो की. भद्रा संपली की आणतो." शेवटचं वाक्य मला उद्देशून होतं.

शनिवारी दुपारी दादांनी बरोबर भद्रा संपल्यावर गाडीला चावी लावली. मागच्या गल्लीतून पुढच्या गल्लीत यायला चालत दोन मिनिटं लागतात, पण दादा टेंपोतून आले. एक खाकी कापडी बॅग, तिला दोरी बांधलेली. मी म्हटलं, "जड आहे. काय आहे यात?"

"साहेब, माल कोणाचा आणि आत काय, हे मी कधी विचारत नाही. केव्हा आणि कुठल्या दिशेला, एवढंच विचारतो."

बायकोने बॅग घेतली आणि टीव्हीशेजारी ठेवली. तिने दादांना चहा दिला, बिस्किटं दिली, वर पुन्हा चहा दिला. आमच्या घरात एवढं आदरातिथ्य झालं की मागे काहीतरी शिजत असतं. पण मी नवरा. मला शिजल्यावर वास येतो.

पुढचे चार दिवस दादा फार खुशीत होते. रोज संध्याकाळी लेकीला शेजारी बसवून पंचांग उघडायचे आणि बंदराहून इथे घराजवळ काय काय चांगलं आहे ते सांगायचे. म्हणजे नावाला पंचांग. एका संध्याकाळी मी गेलो तर ते तिला टेंपोचा नवा क्लच दाखवत होते. "अर्धा धंदा तुझ्या नावावर करतो. हवं तर दुसरा टेंपो घेऊ. रंग तू निवड." ताई म्हणाली, "निळा चांगला दिसेल." दादांना वाटलं, जमलं.

गुरुवारी सकाळी बायको मला म्हणाली, "उठा. दादांकडे जायचंय."

"का?"

"मजा बघायला."

आम्ही गेलो तेव्हा दादा दारातच स्टूल टाकून बसले होते, आणि पंचांग मांडीवर उघडं. नाकाबंदीच. आत ताई प्रवासाचे कपडे घालून चहा पीत होती. पायात मात्र चपला.

"या साहेब," दादा म्हणाले. "तुम्हीच सांगा हिला. आज अमावास्या. आजच्या दिवशी कोणी निघतं का?"

"मी कुठे निघतेय?" ताई म्हणाली.

दादांचा चेहरा फुलला. "शहाणी माझी लेक ती."

"मी शनिवारीच निघाले."

दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ताई तिथेच होती.

"अगं, समोर बसून चहा पितेयस!"

"हा मुक्काम."

मी बायकोकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

"माझे बूट शनिवारी दुपारीच गेले, पश्चिमेला, काकूंकडे," ताई शांतपणे म्हणाली. "रोजच्या वापरातली वस्तू. मनाला जवळची. पाच दिवसांच्या आत जायचं असतं ना? आज जाते."

 दादांनी मागची पानं उलटली, शनिवार काढला आणि बोट फिरवू लागले. एखादा जकात कारकून गोणीत बोट घालून बघतो तसं. दशमी संपून एकादशी लागलेली. रेवती. सौभाग्य. भद्रा संपलेली. पश्चिम उघडी. त्यांनी पुन्हा वरपासून बोट फिरवलं. इतका निर्दोष मुहूर्त त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाच्या कपाटालासुद्धा काढून दिला नसेल.

"कोणी काढला हा मुहूर्त?"

"तुम्हीच. शुक्रवारी संध्याकाळी या काकांसमोर. आणि पोचवलातही तुम्हीच. भद्रा संपेपर्यंत मी घाई केली का?"

आतून वहिनींचा डाव भांड्यावर एकदाच वाजला. ती टाळी होती.

"बॅग परत आणता येईल," दादा हळूच म्हणाले. ते लेकीकडे बघत नव्हते. "तुमच्याकडेच आहे ना साहेब? दोन मिनिटांचं काम. आणली परत, की..."

"की काय?" ताई म्हणाली. "आणा. मी नाही म्हणत नाही. पण त्या छत्रीवाल्याचं काय झालं होतं हो बाबा?"

गल्लीत कोणाच्या तरी घरी नळ सुरू झाला. दादा पंचांगाकडे बघत होते, पण डोळे ओळींवरून सरकत नव्हते. मला तोवर हसू येत होतं, ते थांबलं. रिव्हर्समध्ये टेंपो नेणारा हा माणूस. आकाशात इतके नाके, इतके थांबे, इतक्या बंद दिशा; आणि त्या सगळ्यांतून त्याला एकच गाडी थांबवायची होती. ती थांबत नव्हती, आणि तिला हात दाखवायचा तर तिच्याच पायाला धोका.

"नको," ते म्हणाले. "राहू दे तिथेच."

मग त्यांनी आजचं पान काढलं, एक नजर टाकली आणि ताडकन उठले. स्टूल पडलं.

"दीड ते तीन राहुकाळ आहे! त्याच्या आत गाव सुटायला हवं. आणि तू अजून चहाच पितेस? ऊठ! अगं, डबा भरलास का पोरीचा? कालपासून माहीत असून डबा नाही! साहेब, वाटेतून बाजूला व्हा. उशीर होतोय, उशीर!"

'उशीर होतोय' हे शब्द दादांच्या तोंडून बाहेर पडल्याचं ऐकून समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री शर्टावर तशीच ठेवली. शर्टाला डाग पडला. तो अजूनही गिऱ्हाइकाला त्याचं कारण सांगतो आणि गिऱ्हाईक अजूनही विश्वास ठेवत नाही.

डबा वहिनींनी पहाटेच भरून ठेवला होता. आम्ही दोघं चालत घरी पोचलो, आणि बसस्टँडला जाताना टेंपो आमच्या दाराशी थांबला. दादा बॅग घ्यायला वर आले. एकटेच. बॅग खांद्याला लावली, दारापर्यंत गेले, परत आले आणि बगलेतलं पंचांग टीव्हीवर रिमोटशेजारी ठेवलं.

"हे राहू दे इथे."

"हे काय आता?" मी विचारलं.

"माझं प्रस्थान. पोरगी पोचली की बघून यायला नको? खोली कशी आहे, नळाला पाणी आहे का, कडी आतून लागते का?"

"अमावास्येला ठेवलेलं प्रस्थान चालतं का हो दादा?" बायकोने फार गोड आवाजात विचारलं.

"बाईसाहेब, बस चुकेल," दादा म्हणाले आणि जिना उतरले.

त्यानंतरचे तीन दिवस आमच्या भागाच्या इतिहासात राहतील. प्रस्थान परत घरी न्यायचं नसतं, त्यामुळे दादा पंचांगाविना. शुक्रवारी त्यांनी एका प्राध्यापकांचं सामान म्हटल्या वेळेला पोचवलं. प्राध्यापक घरात नव्हते. दादा सांगितल्या वेळी येतील हे गृहीत धरण्याइतके ते भोळे नव्हते. शनिवारी एका बाईंचा सोफा पूर्वेला गेला, शनिवारची पूर्व बंद असताना, तोंड पुढे करून. दादा रोज सकाळी आमच्याकडे पंचांग बघायला म्हणून येत. बघत मात्र बायकोच्या फोनकडे. ताईचा फोन सकाळी तिच्याकडेच यायचा.

"काय म्हणाली?"

"क्रेन खूप उंच आहे म्हणाली. वर चढायला लिफ्ट आहे. वरून जहाजं काडेपेट्यांसारखी दिसतात."

"आणि कडी?"

"कडी लागते."

"जेवते का?"

"दादा, तुम्हीच का नाही फोन करत?"

"मी करतो हो. पण मला सगळं छान छानच सांगते."

रविवारी सकाळी खाली भोंगा वाजला. मी खिडकीतून पाहिलं. टेंपोत एक गादी, एक पंखा, पाण्याचा पिंप आणि वहिनी. पिंप निळा होता. वहिनी पुढे बसून केस बांधत होत्या.

मी वरून ओरडलो, "दादा, आज रविवार! पश्चिम बंद ना?"

"लवकर बोला साहेब, वाटेत गर्दी लागेल," दादा खालून म्हणाले. "तिला सुटी फक्त रविवारची असते!"

आणि टेंपो निघाला. तोंड पुढे, सरळ पश्चिमेला. वळणावर दिसेनासा झाला तेव्हा बायकोने मला टीव्हीजवळ बोलावलं. रिमोटशेजारी पंचांग तसंच पडलं होतं. प्रस्थानाची वस्तू जाताना बरोबर न्यायची असते, आणि दादा ती विसरले होते.

मी पान काढून पाहिलं. आता मलाही थोडंफार वाचता येतं. दिवस खरं तर फार चांगला होता. तिथी चांगली, पुष्य नक्षत्र, भद्रा नाही. पूर्व मोकळी, उत्तर मोकळी, दक्षिण मोकळी. बंद होती ती एकच दिशा.

"हाक मारा त्यांना," बायको म्हणाली. "अजून चौकात असतील."

मी खिडकीपर्यंत गेलो आणि परत येऊन खुर्चीत बसलो. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, एवढं पंचांग आमच्याही घरात सगळ्यांना पाठ आहे.